सगळ्यांची मीटिंग की काट्याजवळचं स्टूल?

सिस्टीम अ‍ॅनालिसिसला, म्हणजे सॉफ्टवेअर करण्याआधी तिथलं काम कसं चालतं ते समजून घ्यायला, लोकांना सामील करून घ्यायचे माझ्या वापरातले रस्ते दोनच. एक, सगळ्यांना एका खोलीत बसवून वर्कशॉप. दोन, एकेकाच्या जागेवर जाऊन त्याचं काम चालू असताना शेजारी बसणं. मी दोन्ही केलंय, तेही आपल्या जळगाव-धरणगाव पट्ट्यातल्या जिनिंगवाल्यांकडे (कापसातून सरकी काढणारे कारखाने), तुमचं काम बँकेचं वगैरे असेल तर माझं म्हणणं थोडं कमी-जास्त करून घ्या.

वर्कशॉपला नावं ठेवायची नाहीत मला. आयबीएमवाल्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी ही जॅड पद्धत (जॉइंट अ‍ॅप्लिकेशन डिझाइन, म्हणजे सगळ्यांना एकत्र बसवून सिस्टीम ठरवणं) काढली तीच मुळी आठवडेच्या आठवडे एकेकाला गाठत फिरणं वाचावं म्हणून, आणि ते वाचतंही. अकाउंटवाला आणि गोडाऊनवाला एकमेकांवर ढकलतात ते समोरासमोर पटकन मिटतं, वर शेठची सही त्याच दिवशी मिळते.

पण एक गोष्ट मला फार नडली, माना डोलावणं. एका जिनमध्ये नऊ जणांना बसवलं, प्रोजेक्टर, कचोरी, सगळं. कामाचा क्रम मांडला: गाडी गेटवर आली, ग्रेडरने कापूस पाहून भाव ठरवला, भरलेली गाडी वजनकाट्यावर, मग खाली करून रिकाम्या गाडीचं वजन, मग बिल. सगळे हो म्हणाले. मी भावाचा रकाना सुरुवातीलाच भरून लॉक केला. ट्रायलच्या पहिल्याच दिवशी पाचवी गाडी अडकली, कारण वरचा कापूस कोरडा, खाली करताना आतला ओला निघाला, ग्रेडरने ढिगाजवळच भाव कमी केला आणि सॉफ्टवेअर काही बदलू देईना. बाहेर रांग, शेतकरी तापलेला, शेठचा फोन. हे तिथं रोजचंच होतं आणि नऊपैकी निदान सहा जणांना माहीत होतं! काटेवाल्या काकांना नंतर विचारलं तर म्हणाले, "शेठसमोर कशाले बोलू भाऊ, मंग म्हनतीन भाव तूच बदलतो का." बरोबरच आहे त्यांचं. ठरलेला भाव मागाहून बदलतो हे मालकासमोर बोललं की ते अडचण सांगणं राहत नाही, कबुलीजबाब होतो.

पुढच्या जिनमध्ये मी सरळ काट्याजवळ स्टूल टाकलं. बॅबॉकमध्ये, म्हणजे बिझनेस अ‍ॅनालिसिसच्या मार्गदर्शक पुस्तकात, निरीक्षणाचे दोन प्रकार दिलेत, गप्प बसून बघायचं किंवा मध्ये मध्ये विचारायचं. मला दुसरा जमतो, फक्त "तुमची प्रोसेस काय" असं विचारलं की पुस्तकी उत्तर येतं, त्यापेक्षा "कालची शेवटची गाडी सांगा ना" म्हटलं की खरं निघतं. दोन दिवस मला सगळे शेठचा माणूस समजत होते, तिसऱ्या दिवशी लॅपटॉप गाडीतच ठेवला तेव्हा कुठे ड्रॉवरमधली दुसरी वही बाहेर आली. त्या वहीत जेवढं होतं तेवढं माझ्या नऊ जणांच्या मीटिंगमध्ये नव्हतं.

तोटा आहेच, मला अकरा दिवस लागले. शिवाय ग्रेडर एक सांगतो, मुनीम दुसरंच, आणि कोणाचं धरायचं ते तुमच्या गळ्यात येतं. शाखा चार गावांत असतील तर हे परवडणारही नाही, तिथं वर्कशॉपच बरं असेल कदाचित.

तरी एका ठिकाणचं काम असेल तर मी आधी स्टूलच घेईन, आणि मीटिंग शेवटी, पाऊण तासाची, कोण काय बोललं ती नावं काढून टाकलेला कागद समोर ठेवून. शेठ पहिल्यापासून बसायचंच म्हणत असतील तर चहा होईपर्यंत बसवा. आणि जायचं तर दसऱ्याला काट्याची पूजा झाली की लगेच जा, दिवाळीनंतर गाड्या लागल्या की काटेवाला तुमच्याकडे मान वर करूनही बघणार नाही.