एरंडेल तळहातावरून पाण्यासारखं धावलं, तेव्हाच थांबायला हवं होतं

एकूण १४,९९८ रुपये गेले. आकडा आधीच सांगते, कारण हाच आकडा घरी सांगायला मला नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांनी माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं.

बाळ चार महिन्यांचं होतं. केस इतके गळत होते की मोरीच्या जाळीवरून रोज पुंजका उचलावा लागायचा. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी केस असे गळतात आणि बहुतेकींचे वर्षभरात आपोआप पूर्वीसारखे होतात, हे मला त्वचेच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. रात्री दोनला बाळाला पाजत बसले होते आणि मोबाइलवर जाहिरात आली: लाकडी घाण्याचं, कोल्ड प्रेस्ड, शुद्ध एरंडेल. केस, भुवया, पापण्या, चेहऱ्यावरचे डाग, सगळ्याला एकच बाटली. ३४९ रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी. मी डोळे मिटून घेतलं नाही. आधी पैसे भरायचे नाहीत म्हणूनच घेतलं. पण पैसे दिल्याशिवाय खोकं फोडू देत नाहीत, हे दारात उभं राहिल्यावर कळलं.

आता तो क्षण. बाटली उघडली, तळहातावर तेल ओतलं आणि ते बोटांच्या फटीतून सरळ मनगटापर्यंत धावलं. एरंडेल धावत नाही हो! आपल्यापैकी किती जणांनी लहानपणी नाक दाबून ते प्यायलंय. चमचा उलटा केला तरी चिकटून बसतं, बाटलीतून तार धरून उतरतं. त्यात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असतं, म्हणून ते इतर खाद्यतेलांपेक्षा कितीतरी दाट असतं. आम्लाचं नाव मला माहीत नव्हतं, पण दाटपणा माझ्या हाताला माहीत होता. शिवाय वास गुलाबाचा. एरंडेलाला गुलाबाचा वास कुठून येणार? लेबलवर बॅच नंबर नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही. नुसतं एक पान आणि एक मोबाइल नंबर. हे सगळं मी दिव्याखाली धरून वाचलं आणि मनाशी म्हणाले, घाण्याचं आहे ना, म्हणून पातळ असेल. या एका वाक्याची चीड अजून जात नाही. स्वतःच्या हाताला खोटं पाडलं मी.

दोन दिवसांनी त्यांच्या 'हेअर एक्स्पर्ट'चा फोन आला. मी विचारलं त्याला, तेल इतकं पातळ कसं? लगेच उत्तर तयार, "ताई, पातळ आहे म्हणजे मुळापर्यंत जिरतं. दाट असतं ते भेसळीचं." इतक्या आपुलकीने बोलत होता, बाळाचं नावसुद्धा विचारलं. मग तीन महिन्यांचा कोर्स, २,८५० रुपये. आठवड्याने सीरम, १,९९९ रुपये.

पापण्यांना लावून पाचव्या दिवशी डोळ्यांभोवती लाल चट्टे उठले, आग व्हायला लागली. मी पैसे परत मागितले. 'रिफंड डिपार्टमेंट'ने क्यूआर कोड पाठवला, स्कॅन केल्यावर रक्कम ४,९०० दिसली. माझे झाले होते ५,१९८. कुरिअरचे २९८ कापले म्हणाले, हिशोब तंतोतंत जुळला आणि म्हणून मी पिन टाकला. "मॅडम, एंट्री फेल झाली, परत एकदा करा." परत टाकला. ९,८०० रुपये गेले. पैसे यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. हे मी सासूबाईंना स्वतः शिकवलंय. पण त्या वेळी कडेवर बाळ रडत होतं आणि डोळे चुरचुरत होते.

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. लाज वाटली तरी करा, नवऱ्याला नंतर सांगा, आधी फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी नऊ दिवस गप्प बसले.

त्यानंतरचं काय सांगू. बँकेत गेले तर, "पिन तुम्ही स्वतः टाकलाय, म्हणजे व्यवहार तुमच्याच संमतीने झाला." लेखी द्या म्हटलं तर लेखी देईनात. पोलीस ठाण्यात दीड तास बाळाला घेऊन बाकावर बसले. शेवटी विचारलं काय, तर "तेल लावून केस येतात असं वाटलं तुम्हाला?" शेजारचा हसला. मग म्हणाले, सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणाले, तेलाची तक्रार आमच्याकडे नाही, फक्त ९,८०० चं बोला. तेलासाठी ज्या कार्यालयात पाठवलं तिथे बाटली बघून म्हणाले, यावर उत्पादकच नाही, मग कारवाई कुणावर करायची? अहो, उत्पादकाचं नाव नाही हाच तर गुन्हा आहे ना! पॅकबंद वस्तूवर नाव, पत्ता, वजन, किंमत छापणं २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे, आणि कॉस्मेटिकला परवाना व बॅच नंबर लागतो. जे लेबलवर नाही त्याचीच मी तक्रार करतेय, आणि ते लेबलवर नाही म्हणूनच तक्रार घेत नाहीत. कुरिअरवाल्यांनी पाठवणाऱ्याचा पत्ता दिला नाही, म्हणे गोपनीय. जाहिरात रिपोर्ट केली, तर उत्तर आलं की नियमभंग आढळला नाही. पाच दारं झिजवली. प्रत्येकाने पुढचं दार दाखवलं, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सगळं सांगताना पुन्हा नव्याने मान खाली गेली.

माझी मावसबहीण कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे. तिने दोन परीक्षानळ्यांत ९५ टक्के अल्कोहोल घेतलं. एकीत औषधाच्या दुकानातलं साधं एरंडेल टाकलं, ते हलवताच विरघळून नळी स्वच्छ झाली. दुसरीत माझ्या बाटलीतलं टाकलं, ते गढूळ झालं आणि थोड्या वेळाने थेंब तळाशी गोळा झाले. एरंडेल अल्कोहोलमध्ये विरघळतं, बाकीची बहुतेक तेलं आणि लिक्विड पॅराफिन (पेट्रोलियमपासून काढलेलं पातळ तेल) विरघळत नाहीत. एवढी साधी परीक्षा, पण एकाही कार्यालयात बाटली कुणी उघडूनसुद्धा पाहिली नाही.

आणि खरं एरंडेल असतं तरी? त्याने नवे केस उगवतात याला ठोस पुरावा नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाल्या. केसांवर थर बसतो, चमक येते, कोरडेपणा कमी होतो, बस. लांब केसांना नुसतं चोपडलं तर कधीकधी असा गठ्ठा होतो की कापावा लागतो, तेव्हा दुसऱ्या तेलात मिसळूनच लावा. चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा, कारण अस्सल तेलाचीही काहींना ॲलर्जी असते. पापण्यांना लावूच नका. आणि गरोदर असाल तर कुणी कितीही सांगितलं तरी पिऊ नका, त्याने कळा सुरू होऊ शकतात.

ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मी केलीय. नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची, तिथे ती अडकलीय.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. तीच बाई, तेच केस, बाटलीवर नाव वेगळं. तुमच्याकडे अशी बाटली आली असेल तर ती फेकू नका. कुरिअरचं पाकीट, त्यावरचा बारकोड, फोनचं रेकॉर्डिंग, सगळं जपून ठेवा. माझं पाकीट मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकलं होतं. पाठवणाऱ्याचा पत्ता असलाच तर त्यावरच होता.