मागे बसणाऱ्यांची गाडी: २००७ची लिंकन टाऊन कार, १४ महिन्यांनंतर

मागच्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट विमानतळावर एक बाई सरळ माझ्या गाडीचं मागचं दार उघडून आत बसल्या. पर्स मांडीवर, फोन कानाला, आणि मला हातानेच ‘चला’ अशी खूण. मी आई-बाबांची वाट बघत उभा होतो. बाई, ही भाड्याची गाडी नाही, असं सांगितल्यावर त्या इतक्या ओशाळल्या की मलाच कसंतरी झालं. खरं तर चूक त्यांची नव्हतीच. काळी टाऊन कार, आत पांढरा शर्ट घातलेला माणूस, आणि जागा विमानतळ. अमेरिकेत याचा अर्थ कित्येक वर्षं एकच होता. पाच मिनिटांनी आई बाहेर आली. तिचाही पहिला प्रश्न: “अरे, टॅक्सी कशाला केलीस? तुझी गाडी कुठंय?”

गाडी घेतली २०२४च्या मार्चमध्ये, एका निवृत्त आजोबांकडून. ७१,००० मैल झालेली, ६,८०० डॉलरला. आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. इथली बरीच मराठी मंडळी मोटारींच्या कंपन्यांत, नाहीतर त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांकडे नोकरीला. त्यामुळे गाडी घेताना सल्ला फुकट मिळतो आणि मागितला नाही तरी मिळतो. १७ वर्षं जुनी, मागच्या चाकांवर चालणारी, साडेपाच मीटर लांब गाडी, तीही इथल्या बर्फात? एकाने तर विचारलं, “पेन्शन सुरू झाली का रे?”

मला ती हवी होती तिच्या गावामुळे. नोव्हायच्या शेजारचं गाव विक्सम. विंडशील्डच्या कोपऱ्यातल्या सतरा अक्षरी नंबरात अकरावं अक्षर कारखान्याचं असतं. माझ्या गाडीचं ‘वाय’, म्हणजे विक्सम. १९५७ साली सुरू झालेला तो कारखाना २००७च्या मे महिन्यात बंद झाला, म्हणजे माझी गाडी तिथल्या शेवटच्या लॉटांपैकी. नंतरच्या टाऊन कार कॅनडात, ओंटारिओतल्या सेंट थॉमसला बनल्या आणि ऑगस्ट २०११मध्ये तिथेही शेवटची निघाली. विक्समचा कारखाना पाडून टाकला. त्या जागेवर आता मेनार्ड्सचं अवाढव्य दुकान आहे. प्लायवूड, नळ, रंगाचे डबे. एकदा मी मुद्दाम गाडी तिथल्या पार्किंगमध्ये नेऊन उभी केली, माहेरपणाला आणल्यासारखी. बायको म्हणाली, “खण-नारळाने ओटीपण भर तिची.”

लिंकन म्हटलं की मराठी माणसाला शाळेच्या भिंतीवर लावलेलं, हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून त्याच्या नावावर खपणारं ते पत्र आठवतं. गाडीच्या नावातला लिंकनही तोच. हेन्री लेलँड नावाच्या कारागिराने १९१७ साली, वयाच्या ७४व्या वर्षी ही कंपनी काढली आणि तरुणपणी, १८६४ साली ज्याला आपलं पहिलं मत दिलं त्याचं नाव तिला दिलं. पहिली काही वर्षं गाड्या नाहीतच, पहिल्या महायुद्धासाठी विमानांची लिबर्टी इंजिनं. गाडी आली १९२० साली.

या लेलँडचा आणि हेन्री फोर्डचा हिशोब एखाद्या भाऊबंदकीच्या गोष्टीसारखा आहे. १९०२ साली फोर्ड आपल्याच नावाच्या कंपनीतून भांडून बाहेर पडला. भागीदारांनी कंपनी मोडीत काढायची म्हणून यंत्रांची किंमत करायला लेलँडला बोलावलं. हा म्हणाला, मोडता कशाला, माझ्याकडे चांगलं इंजिन आहे, गाड्याच बनवा. त्यातून कॅडिलॅक उभी राहिली. पुढे लेलँड कॅडिलॅकमधून बाहेर पडला, त्याने लिंकन काढली, ती कर्जात बुडाली, आणि फेब्रुवारी १९२२च्या लिलावात ८० लाख डॉलरला घेतली कुणी? हेन्री फोर्डने. लेलँड बापलेक काही महिन्यांतच बाहेर. म्हणजे अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या ऐटदार गाड्या एकाच म्हाताऱ्याच्या हातच्या, आणि दोन्ही शेवटी दुसऱ्यांच्या घरी नांदल्या.

हेन्री फोर्डला स्वतःला छानछोकी आवडत नसे. लिंकन सांभाळली ती त्याच्या मुलाने, एडसेलने. १९३९ साली फ्लोरिडातल्या सुट्टीसाठी त्याने आपल्या डिझायनरकडून, बॉब ग्रेगरीकडून, एक लांब, बुटकी गाडी स्वतःपुरती बनवून घेतली. तिथल्या मित्रांनी ‘आम्हालाही हवी’ म्हणून मागणी केली आणि तिचीच पुढे कॉन्टिनेंटल झाली. एडसेल ४९व्या वर्षी, बापाच्या आधी गेला. गाड्यांच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं. चांगली नजर असलेला मुलगा आणि ती नजर कळत नसलेला बाप, हे आपल्याकडच्या कितीतरी पेढ्यांमध्ये बघितलंय.

मग १९६१ची कॉन्टिनेंटल. डिझायनर एल्वुड एंजेलने खरं तर फोर्डच्या थंडरबर्डसाठी काढलेलं रेखाटन. ते तेव्हा फोर्डमध्ये वरच्या पदावर असलेल्या रॉबर्ट मॅकनमाराने बघितलं आणि त्याची चार दारांची लिंकन करायला सांगितली. (तोच, पुढे व्हिएतनाम युद्धातला संरक्षणमंत्री. डेट्रॉइट विमानतळाचं मॅकनमारा टर्मिनल मात्र दुसऱ्याच मॅकनमाराच्या नावाचं. बाबांना मी पहिल्या दिवशी चुकीची माहिती दिली होती, ती इथे दुरुस्त करतो.) मागची दारं उलटी उघडणारी, कपाटासारखी. विक्सममधून निघण्याआधी प्रत्येक गाडी १२ मैल चालवून बघत, आणि दोन वर्षांची किंवा २४,००० मैलांची हमी देत. त्या काळात एवढी हमी कुणी देत नव्हतं.

केनेडी डॅलसमध्ये ज्या गाडीत होते ती याच जातीची, जन्मली विक्सममध्येच. आता डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आहे. बाबांना घेऊन गेलो. बाबा १९६३ साली तेरा वर्षांचे. रेडिओवरची बातमी त्यांना आठवते. मला वाटलं होतं ते मागच्या सीटकडे बघत उभे राहतील. ते चालत पुढे गेले, स्टिअरिंगच्या बाजूला थांबले आणि म्हणाले, “आणि चालवत कोण होतं?” मला सांगता आलं नाही. रात्री शोधलं: विल्यम ग्रीअर, सीक्रेट सर्व्हिसचा माणूस. ती गाडी त्यानंतर मोडीत गेली नाही, हेही मला नवीन होतं. कायमचं छत आणि चिलखत चढवून ती १९७७पर्यंत राष्ट्राध्यक्षांसाठी वापरली. शेजारीच रूझवेल्टची १९३९ची लिंकनही आहे. दोन्ही गाड्यांत ज्याच्यामुळे गाडी प्रसिद्ध तो मागे बसलेला.

माझ्या गाडीचंही तेच आहे, आणि १४ महिन्यांनंतर तिच्याबद्दल सांगण्यासारखं खरं तर एवढंच आहे. मागे बसणाऱ्याच्या बाजूने सगळे निर्णय घेतलेत. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेले. आमच्या दुसऱ्या गाडीत, एसयूव्हीत, चढायला पायरी लागते. शेजाऱ्यांच्या छोट्या सेडानमध्ये खड्ड्यात उतरल्यासारखं बसावं लागतं. इथे दार रुंद, सीटची उंची मुढ्याएवढी, बाबा आधी टेकतात आणि मग पाय आत घेतात. कुणाचा हात लागत नाही. त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण कुठेही निघायचं म्हटलं की “काळी काढ” एवढंच म्हणत. दारावर पाच बटणांचा कीपॅड आहे, किल्ली आत राहिली तरी नंबर दाबून उघडता येतं. बाबा किल्ली खिशात असली तरी नंबरच दाबत, आणि एटीएमवर दाबतात तसा दुसऱ्या हाताचा आडोसा करून.

चालवणाऱ्याला काय मिळतं? ४.६ लिटरचं व्ही-८, २३९ हॉर्सपॉवर, चार गिअरचं ऑटोमॅटिक. आकडा ऐकायला बरा, पण गाडी जवळजवळ दोन टन. ती पळत नाही, निघते. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेवर, जुन्या अँबॅसेडरसारखा. पुढची सीट बाकासारखी, तिघांची. गणपती आणताना मूर्ती मध्ये ठेवायला बायकोने तीच जागा पसंत केली, पण आईने ऐकलं नाही, मागेच मांडीवर घेऊन बसली. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं आणि रस्त्याची काहीही खबर हाताला देत नाही. वळणावर गाडी कलते. जोरात वळवली तर डिकीतलं सामान एकीकडून दुसरीकडे गेल्याचा आवाज येतो आणि मागून आईचा.

पण मिशिगनचे खड्डे! इथली थंडी रस्ते उखडून काढते आणि एप्रिलमध्ये आय-९६ वर सगळे नागमोडी चालवत असतात. ही गाडी खड्डा गिळते. खाली वेगळी चेसिस, वर बॉडी, ही जुनी पद्धत. पँथर नावाचा हा सांगाडा १९७९पासूनचा, पोलिसांच्या क्राउन व्हिक्टोरियालाही तोच. त्यामुळे सुटे भाग ढिगाने आणि स्वस्त मिळतात, आणि कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून काम करतो.

डिकीबद्दल वेगळं लिहायला हवं. २१ घनफूट, म्हणजे सुमारे ५९० लिटर, आणि मध्ये हौदासारखी खोल. विमानतळावर आई-बाबांच्या २३ किलोच्या चार बॅगा मी एकावर एक ठेवल्या, वर लोणच्याची पिशवी, आणि झाकण लागलं. मागचा भाग खाली बसला. गाडी सुरू केल्यावर मागून बारीक घुं घुं असा आवाज आला आणि गाडीने सावकाश आपली पाठ वर उचलली. मागे स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे आहेत, वजन पडलं की कॉम्प्रेसर हवा भरून उंची सारखी करतो. बाबा म्हणाले, “उंटासारखी उठली की रे.”

याच फुग्यांनी मला रडवलंही. नोव्हेंबरमध्ये बर्फाचे टायर घालायला एका दुकानात दिली. गाडी जॅकवर घेण्याआधी डिकीतला एअर सस्पेन्शनचा स्विच बंद करावा लागतो, नाहीतर यंत्रणा गोंधळून हवा सोडत बसते. मी काउंटरवर सांगितलं, त्यांनी मान डोलावली, आणि आत काम करणाऱ्या पोरापर्यंत ते पोचलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मागून बसलेली. दुकानाचं म्हणणं, रबर जुनंच होतं. ते जुनं होतं हे खरं, पण आदल्या दिवशीपर्यंत हवा धरत होतं हेही खरं. भांडून काही निघालं नाही. दोन्ही फुगे मी नवे घातले, ओळखीच्या मेकॅनिककडे, मजुरी धरून ५१० डॉलर. आता स्विचजवळ मोठी चिठ्ठी चिकटवलीय, आणि गाडी कुठेही दिली की उभा राहून बघतो.

पेट्रोल पिते, लपवण्यात अर्थ नाही. गावात १५ मैल गॅलनला, म्हणजे लिटरला साडेसहा किलोमीटरच्या आतच. हायवेवर मात्र २४ मिळतं. शिकागोला देवॉन अव्हेन्यूवर किराणा आणायला जाऊन आलो तेव्हा दहाच्या वर पडलं. बर्फात चार बर्फाचे टायर आणि डिकीत वाळूच्या दोन गोण्या, एवढ्यावर हिवाळा निभावला. दोनदा आमच्याच गल्लीतल्या चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरली. बर्फाचे टायर घालणार नसाल तर ही गाडी घेऊच नका.

गॅरेजमध्ये ती जेमतेम मावते. पुढे किती जायचं ते कळावं म्हणून बाबांनी छताला दोरीने टेनिसचा चेंडू टांगलाय. काचेला लागला की थांबायचं. मागे सेन्सर आहेत, कॅमेरा नाही. ब्लूटूथ नाही. बायको उंचीने कमी, तिला वाटलं होतं पाय पोचणारच नाहीत. पण बटण दाबलं की ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरची पॅडलंच पुढे सरकत येतात. ही सोय मी नव्या महागड्या गाड्यांतही फार बघितली नाही. तरीही ती चालवत नाही. म्हणते, “ट्रक आहे तो, सोफा टाकलेला.”

घ्यायची असेल तर भाड्यावर चाललेल्या घेऊ नका. मागची सीट चकचकीत आणि ड्रायव्हरच्या सीटची कड झिजलेली असेल तर समजून जा. रात्री उभी करून सकाळी मागची उंची मोजा. इथल्या मिठाने खालच्या ब्रेकच्या नळ्या गंजतात, टॉर्च घेऊन वाकून बघायची लाज धरू नका. आणि नवी टाऊन कार कुठे मिळेल का, असं दोघांनी विचारलं म्हणून सांगतो: नाही. लिंकनने २०२० साली अमेरिकेसाठी सेडान बनवणंच बंद केलं. आता शोरूममध्ये सगळ्या एसयूव्ही, त्यातली नॉटिलस तर चीनमधून येते.

सध्या ओडोमीटरवर ८२,०००. आई-बाबा नोव्हेंबरअखेर पुण्याला परत गेले, तेव्हापासून मागची सीट रिकामीच आहे आणि मी एकटाच पुढे बसून ऑफिसला जातो. मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, चेंडू अजून आहे का जागेवर. आहे म्हटलं. मग म्हणाले, दोरी जरा आखूड कर, नवे फुगे घातलेस तर गाडी अर्धा इंच वर आली असेल. मोजलं. आली होती.