म्हापशातला इंग्रजीचा वर्ग
म्हापशात कदंब बसस्थानकाजवळच्या या वर्गाला मी दवाखान्यातलं रिसेप्शनचं काम आटोपून जाते. बाई नुसते अर्थ देत नाहीत, प्रसंग देतात. काळजीसाठीचे इंग्रजी शब्दच बघा. मुलगा रात्री वेळेत घरी आला नाही, तर आई ‘वरीड’. ऑपरेशनच्या आदल्या रात्री छातीत धडधडतं, ते ‘अँक्शस’. डॉक्टरांनी रिपोर्टबद्दल पत्रात लिहायचं, तर ‘कन्सर्न्ड’; पण त्यापुढे ‘अबाउट’ आलं तर काळजी, ‘विथ’ आलं की नुसता संबंध. आणि ‘अँक्शस टू’ म्हणजे चक्क उत्सुक! पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना हे फरक फार उपयोगी पडतात. उच्चारांना मात्र वेळ कमी मिळतो, पावसात खोली कोंदटते. फी वाजवी आहे. सातची बॅच घ्या, पाचला कॉलेजच्या मुलांची गर्दी असते.