किल्ला मुलांचा, चित्रे कुंभारवाड्याची: पाच मुलांच्या घरातून एक परीक्षण

दिवाळीच्या किल्ल्यासाठी पुण्याच्या कसबा पेठेतील कुंभारवाड्यात मिळणारी मातीची चित्रे, म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्ती, घ्यावीत, की अलीकडे सर्वत्र दिसणारा प्लास्टरचा तयार किल्लाच उचलून आणावा, असा प्रश्न दसरा झाला की ओळखीच्या अनेक आया मला विचारतात. आमच्या एकत्र कुटुंबात ३ ते ११ वर्षे वयाची पाच मुले आहेत आणि हे दोन्ही प्रकार आमच्या अंगणात नांदून गेले आहेत, त्यामुळे या विषयावर सविस्तर लिहावे असे वाटले. माझे मत आधीच सांगते. पैसे खर्च करावेत ते चित्रांवर. किल्ला मात्र विकत आणू नये. किल्ला विकत आणला की मुलांच्या हाताला काम उरत नाही, आणि सहामाही परीक्षेनंतरच्या सुट्टीत पाच मुलांच्या हाताला काम नसणे म्हणजे काय, हे अशा घरात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

कुंभारवाड्यात दिवाळीच्या आधी पणत्या, बोळकी आणि लक्ष्मीच्या मूर्ती यांच्याबरोबर ही चित्रे मांडलेली असतात. सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, दोन्ही बाजूंचे भालदार-चोपदार, भाला घेतलेले मावळे, घोडेस्वार, तुतारीवाला, तोफा, गुहेत ठेवायचा वाघ, डोक्यावर घागर घेतलेल्या बायका, गवळण, जात्यावर दळणारी बाई, बैलगाडी आणि पाराखाली बसलेला म्हातारा, असा सारा गाव तिथे फळीवर उभा असतो. मी पाहिलेल्या दुकानांत लहान मावळा साधारण ३० ते ५० रुपयांना आणि सिंहासनाधिष्ठित महाराजांची मध्यम आकाराची मूर्ती २०० ते ४०० रुपयांना मिळाली. आकार, माती आणि रंगकाम यांनुसार दर बदलतो, आणि सगळी खरेदी एकाच दुकानातून केली तर थोडेफार कमी करून देण्याची तेथील पद्धत आहे. पाच मुलांनी प्रत्येकी तीन चित्रे निवडली तरी एका तयार किल्ल्याच्या किमतीच्या आसपासच खर्च होतो, आणि ती चित्रे पुढच्या वर्षीही उपयोगी पडतात.

खरेदी करताना पहिली पारख मातीची करावी. चित्राच्या तळाला बहुधा रंग लावलेला नसतो. तिथे नखाने हलकेच खरवडले की प्लास्टर ऑफ पॅरिसचे चित्र पांढरेशुभ्र दिसते, शाडूचे राखाडी आणि भाजलेल्या मातीचे विटकरी. “मावशी, हे भाजलेलं आहे की कच्चं?” असे सरळ विचारले तर विक्रेते खरे उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे. लहान मुलांच्या घरासाठी मी भाजलेल्या मातीची चित्रे सुचवेन, आणि त्याचे कारण पाणी. किल्ल्यावर हळीव पेरलेले असतात, त्यांच्यावर मुले दिवसातून अनेक वेळा पाणी शिंपडतात, आणि कच्च्या शाडूचा मावळा दोन दिवसांत घोट्यापासून विरघळू लागतो. शाडूचीच चित्रे घ्यायची असतील, कारण त्यांचे चेहरे अधिक रेखीव असतात हे मान्य करावेच लागते, तर प्रत्येक चित्राखाली फरशीचा एखादा तुकडा ठेवावा आणि हिरवळ पुरती उगवून येईपर्यंत चित्रे किल्ल्यावर मांडू नयेत. मुलांना हे थांबणे जड जाते. तरीही एकदा महाराजांचे सिंहासन ओल्या मातीत खचलेले पाहिले की ती स्वतःच नियम पाळू लागतात.

दुसरी पारख रंगाची, आणि येथे मला या चित्रांविषयी गंभीर तक्रार आहे. घरगुती व सजावटीच्या रंगांमध्ये शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, अधिक असू नये, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला. परंतु चित्रावर नेमका कोणता रंग वापरला आहे हे विक्रेत्यालाही बहुतेक वेळा सांगता येत नाही, कारण चित्र एका घरी घडते, दुसऱ्या घरी रंगते आणि तिसऱ्याच्या फळीवर येते. आमच्या घरातील सर्वांत लहान मूल अजून प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहते. त्यामुळे चमकदार तैलरंगाची चित्रे आम्ही किल्ल्याच्या वरच्या भागात, त्याच्या हाताला न लागतील अशी ठेवतो, आणि खालच्या गावासाठी न रंगवलेली चित्रे मागून घेतो. न रंगवलेली चित्रे मागितली तर काही दुकानांत आतून काढून देतात, ती स्वस्तही असतात, आणि ती घरी गेरू, हळद किंवा शाळेतल्या पाण्याच्या रंगांनी रंगवण्यात मुलांची एक पूर्ण दुपार जाते. कुंभारवाड्यातील विक्रेत्यांनी न रंगवलेली चित्रे दर्शनी भागात मांडावीत, अशी माझी मनापासून विनंती आहे. लहान मुलांचे पालक ती नक्की घेतील.

आता मुलांविषयी, कारण चित्रांची खरी परीक्षा त्यांच्याच हातात होते. आमच्याकडे किल्ल्याच्या कामाची वाटणी वयाप्रमाणे होते आणि ती आजोबा करून देतात. मोठा पुतण्या विटा आणि दगड रचून डोंगराचा सांगाडा उभा करतो. त्याच्या पाठची दोघे गोणपाट चिखलात बुडवून त्यावर अंथरतात, म्हणजे डोंगराच्या वळ्या आपोआप पडतात. चौथी मुलगी हळीव भिजवते, आणि सर्वांत धाकट्याला माती कालवू दिली की तो तासन् तास कुणाला त्रास देत नाही. हळीव उताराला चिकटून राहतात, कारण भिजल्यावर त्यांच्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होते. मोहरी मात्र सपाट जागेवर पेरावी, नाहीतर पहिल्याच शिंपणात ती पायथ्याशी वाहून येते. हे आमच्या मुलांना आजीने सांगितले, आणि आजीला तिच्या वडिलांनी. बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही संचाबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात मी ते वाचलेले नाही.

चित्रे आली की मात्र वाटणीचे सगळे नियम मोडतात, कारण महाराजांची मूर्ती किल्ल्यावर कोणी ठेवायची हा हक्क पाचही जणांना हवा असतो. म्हणून माझी सूचना अशी की खरेदीला सर्व मुलांना बरोबर न्यावे आणि प्रत्येकाला ठरावीक रकमेत स्वतःची चित्रे निवडू द्यावीत. स्वतः निवडलेले चित्र मूल जपते, दुसऱ्याचे फोडते, हे मी वारंवार पाहिले आहे. महाराजांची मूर्ती आमच्या घरी कोणा एकाच्या वाट्याची नसते. ती आजोबा आणतात, आणि वसुबारसेच्या संध्याकाळी गायवासराची पूजा झाल्यावर त्या वर्षी ज्याची पाळी असेल तो ती ठेवतो. मूर्तीचा आकार दरवाजापेक्षा आणि बुरुजापेक्षाही मोठा असतो. काही चिकित्सक पालकांना हे प्रमाण खटकते. मला ते कधी खटकले नाही, कारण मुलांच्या मनात महाराज तेवढेच मोठे असतात.

गेल्या दिवाळीत मोठ्या पुतण्याने राजगड करायचा हट्ट धरला. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांची नावे तो शाळेत शिकला होता, त्यांतले अकरा महाराष्ट्रात आणि बारावा जिंजी तमिळनाडूत, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होता. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला, त्यामुळे तो पाच मुलांच्या घराला फार सोयीचा पडला: तीन माच्या तिघांच्या, बालेकिल्ला चौथ्याचा, आणि पायथ्याचे गुंजवणे गाव धाकट्याचे. एरवी बालेकिल्ल्याच्या एकाच जागेसाठी होणारी भांडणे त्या वर्षी जवळजवळ झाली नाहीत. ज्या घरात मुले अधिक आहेत त्यांनी राजगड जरूर करून पाहावा. त्याच्या आधीच्या वर्षी आम्ही रायगड केला होता, आणि तेव्हा आठ वर्षांच्या पुतणीला हिरकणीचे चित्र हवे होते. दूध विकायला गडावर गेलेली, दरवाजे बंद झाल्यावर घरच्या तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेली हिरकणी तिने आजीकडून ऐकली होती. कुंभारवाड्यात आम्ही अनेक फळ्यांसमोर उभे राहून विचारले. असे चित्र कुणाकडे नव्हते. शेवटी तिने स्वतःच एक गवळण उचलली, घरी येऊन कड्यावर चिकणमातीची एक अरुंद पायरी केली आणि तिला तिथे उभे केले. तिने केलेली ती पायरी पाहून मला किती आनंद झाला हे येथे लिहून पुरे पडणार नाही. परंतु हिरकणी चित्रांत असायलाच हवी, हेही तेवढेच खरे. सध्या स्त्रियांची चित्रे म्हणजे जिजाऊ सोडल्या तर घागरवाल्या, गवळणी आणि दळणाऱ्या बायका एवढीच निवड आहे, आणि किल्ला करणाऱ्या मुली आता घरोघरी आहेत.

तयार किल्ल्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एका वर्षी घरात आजारपण होते, म्हणून आम्ही एका दुकानातून प्लास्टरचा रंगवलेला किल्ला आणला. दिसायला तो देखणा होता, दरवाजा, बुरुज आणि पायऱ्या सारे जागच्या जागी होते. मुलांनी अर्ध्या तासात त्यावर जुनी चित्रे मांडली, आणि मग पुढे काय करायचे हे त्यांना कळेना. त्यात माती उकरता येत नव्हती, भुयार काढता येत नव्हते, हळीव पेरता येत नव्हते. भाऊबीजेपर्यंत त्याचे दोन बुरुज निखळले, ते डिंकाने जोडावे लागले, आणि तुळशीचे लग्न झाल्यावर त्याचे काय करायचे हा प्रश्न उरला तो वेगळाच. मातीचा किल्ला मोडला की माती कुंड्यांत आणि विटा परसात जातात. प्लास्टर कुठेच जिरत नाही. ज्यांच्याकडे अंगण नाही, केवळ सदनिकेची छोटी बाल्कनी आहे, त्यांची अडचण मी समजू शकते. त्यांनी मोठ्या परातीत किंवा जुन्या लाकडी पाटावर चार विटांचा छोटा किल्ला करावा. माझ्या नणंदेकडे असाच करतात, आणि दोन मुलांना तो पुरतो.

मावळ्यांचे फायबरचे संच हल्ली मिळतात, त्यांचाही उल्लेख करायला हवा. ते फुटत नाहीत, पावसात खराब होत नाहीत आणि दिवाळीत पाऊस पडण्याचे प्रसंग आता नवे राहिलेले नाहीत, हे त्यांच्या बाजूचे मुद्दे खरे आहेत. वेशभूषेचे तपशीलही त्यांत पुष्कळदा अधिक काळजीपूर्वक दाखवलेले असतात. पण त्यांतील सर्व मावळ्यांचा चेहरा सारखा असतो. कुंभारवाड्यातल्या हाताने रंगवलेल्या चित्रांत एकाच्या मिशा जाड, दुसऱ्याच्या बारीक, कुणाचे डोळे मोठे, कुणाचे किंचित तिरपे. त्यावरून आमची मुले प्रत्येकाला वेगळे नाव देतात, आणि कोणता मावळा झोपाळू असून त्याला रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवायचे नाही, हेही ठरवतात.

बांधाबांध ही कुंभारवाड्याची कमकुवत बाजू आहे. बहुतेक ठिकाणी चित्रे वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकून देतात, आणि गर्दीच्या वेळी तर एकाच कागदात तीन-तीन. भाल्याचे टोक आणि घोड्याचे पाय अशा प्रवासात हमखास मोडतात. घरून पुठ्ठ्याचे खोके आणि जुन्या ओढणीचे तुकडे घेऊन जावे. मोडलेला पाय नंतर चिकटवता येतो, पण मुलाने स्वतः निवडलेला घोडा घरी पोचल्यावर पिशवीतून तीन पायांचा निघाला तर त्याची समजूत घालणे अवघड जाते. दिवाळी झाल्यावर चित्रे कोरड्या फडक्याने पुसून, प्रत्येक वेगळे गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली तर वर्षानुवर्षे टिकतात. आमच्या पेटीत सासऱ्यांच्या लहानपणचे दोन भालदार अजून आहेत, रंग उडालेले पण सरळ उभे राहणारे, आणि त्यांची जागा सिंहासनाच्या अगदी जवळ असते.

जायचे असेल तर वसुबारसेच्या किमान आठवडाभर आधी, कामाच्या दिवशी सकाळी जावे. हळीव आणि मोहरी पेरण्यासाठीही तेवढे दिवस हाताशी लागतातच, आणि दिवाळीच्या तोंडावरच्या रविवारी त्या गल्लीत लहान मुलांना घेऊन उभे राहणेही कठीण होते. वाहन पेठेबाहेरच लावावे. लाल महाल तेथून पायी जाण्याइतका जवळ आहे, आणि १६६३ च्या एप्रिलमध्ये महाराजांनी शायिस्तेखानावर छापा घातला तो याच पेठेच्या परिसरात, हे खरेदीच्या आधी मुलांना सांगितले तर ती चित्रे अधिक विचाराने निवडतात. सर्वांत आधी भालदार-चोपदारांची जोडी घ्यावी, कारण ती लवकर संपते आणि नंतर एकटा चोपदारच मिळतो. वाघ शेवटी घेतला तरी चालतो; तो प्रत्येक फळीवर असतो.