पंचवीसपैकी वटले आठ

मार्च २०२४ मध्ये घरी आलेलं पंचवीस पानांचं चेकबुक गेल्या आठवड्यात संपलं. शाळेच्या कार्यालयात एकतीस वर्षं कारकुनी केली, त्यामुळे पुढच्या नोंदीच्या पानावर प्रत्येक चेकची तारीख, नाव आणि रक्कम लिहायची खोड अजून गेलेली नाही. नवीन चेकबुक मागवायच्या आधी ते पान समोर घेऊन बसले आणि हिशोब मांडला. पंचवीसपैकी वटले फक्त आठ.

लोक मिक्सरचं, गादीचं परीक्षण लिहितात. मी चेकबुकाचं लिहिते. जवळजवळ दोन वर्षं वापरलंय, तेवढा अधिकार आहे.

आधी एक सांगते. याला मराठीत धनादेश म्हणतात हे मला माहीत आहे. पण धनादेश मंत्री देतात, थर्माकोलचा, चौघांनी मिळून धरलेला. आम्ही देतो तो चेक.

सगळ्यात जास्त पानं कुठे गेली? नऊ पानं ‘कॅन्सल’ लिहून गेली. पीएफचे पैसे काढताना एक, म्युच्युअल फंडाच्या केवायसीला दोनदा, विम्याच्या क्लेमला एक, विजेच्या बिलासारखे हप्ते खात्यातून आपोआप कापायच्या फॉर्मला एक, असं करत नऊ. म्हणजे पैसे फोनवरून द्यायचे, आणि फोनवरून पैसे जावेत म्हणून चेकवर काट मारून द्यायचा. खात्याचा नंबर, आयएफएससी आणि छापलेलं नाव एकाच कागदावर मिळतं म्हणून मागतात, हे समजतं. पण कोरा करकरीत कागद, आत जलचिन्ह, खाली चुंबकीय शाईचे आकडे, आणि त्याच्यावर आडवी रेघ मारताना मला दर वेळी कोणाचं तरी लग्न मोडल्यासारखं वाटतं. (रेघ मारताना सही करू नका. काही ठिकाणी मागतात, तरी करू नका.)

पाच पानं मी वाया घालवली. हे लिहायला लाज वाटते. एकावर चहा सांडला, तो नेमका खालच्या पांढऱ्या पट्टीवर. एकावर नातवाने ट्रॅक्टर काढला. उरलेल्या तिघांत एकावर जानेवारी २०२५ मध्ये वर्ष २०२४ पडलं. पूर्वी अशी चूक झाली की खोडून वर सही करायची आणि काम भागायचं. आता चेकचा कागद बँकांमध्ये फिरतच नाही, त्याचा फोटो फिरतो. त्यामुळे नाव किंवा रक्कम खोडलेली चालत नाही, नवीन चेक लिहावा लागतो. पंचविसातली पाच, म्हणजे वीस टक्के घट. भाजीत एवढी घट निघाली तर मी भाजीवाला बदलीन.

आता आहेर. भाचीचं लग्न डिसेंबर २०२४ मध्ये झालं. पाकिटात नोटा कोंबण्यापेक्षा चेक बरा, म्हणून अकरा हजार एकचा लिहिला, आणि हौसेने तिच्या नवीन नावाने लिहिला. नवीन आडनाव पहिल्यांदा मीच लिहितेय याचं कोण कौतुक! तिचं खातं माहेरच्या नावाने. बँकेने सांगितलं, आधी खात्यावरचं नाव बदला, मग चेक भरा. पोरगी नोकरी, घर लावणं, सासर यांतून मोकळी होईपर्यंत मार्च उलटला. चेक तीन महिनेच चालतो. पूर्वी सहा महिने चालायचा, १ एप्रिल २०१२ पासून तीन झाले. शेवटी तिने संकोचत क्यूआर पाठवला, “मावशी, रागावू नकोस हं.” पाच सेकंदांत आहेर पोचला. नोंदीच्या पानावर त्या चेकपुढे मी ‘शिळा’ लिहून ठेवलंय.

एक चेक परत आला, आणि तोही माझ्या सहीमुळे. यात्रेच्या बुकिंगचा होता. खातं १९९१ साली उघडलं तेव्हाची सही बँकेकडे आहे. ती चांगली वळणदार, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी. आता अंगठ्याचं हाड दुखतं, शेपटी कधीच गळाली. यात्रेवाल्यांचा फोन आला, “काकू, तुमचा चेक परत आलाय.” पैसे असूनही चेक परत येतो तेव्हा जी शरम वाटते, तिला काही तोड नाही. वर खात्यातून दंड कापला तो वेगळा. मग शाखेत जाऊन फॉर्म, फोटो, नवीन सहीचे नमुने. वर्षातून चारच चेक लिहीत असाल तर सही एकदा तपासून घ्या. हाताची सवय सुटते आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

आणखी एक चूक पोटात खुपतेय. आमच्या कामवाल्या मावशींना मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी पंधरा हजार उचल हवी होती. नोंद राहील म्हणून मी ऐटीत चेक दिला. त्यांचा अर्धा दिवस बँकेत गेला, दोन घरची कामं बुडाली, आणि पैसे जमा झाले तिसऱ्या दिवशी. फीची मुदत दुसऱ्या दिवशीची होती. मावशी काही बोलल्या नाहीत. मुलीनेच मला फोनवर सगळं सांगितलं. नोंद मला हवी होती, फी त्यांना भरायची होती. रोजच्या व्यवहाराला चेक म्हणजे आपली सोय आणि दुसऱ्याची खेप, हे त्या दिवशी कळलं.

इथवर वाचून वाटेल, बाईंनी चेकबुक जाळूनच टाकावं. थांबा.

स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या केल्या. एकूण एक लाख सत्तावीस हजार. आगाऊ चाळीस, माल आल्यावर बासष्ट, काम संपल्यावर पंचवीस, असे तीन चेक ठरले. बासष्टच्या वेळी एक गंमत झाली. पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकसाठी जानेवारी २०२१ पासून पॉझिटिव्ह पे आलंय. चेक कोणाला, कितीचा, कोणत्या तारखेचा, नंबर काय, हे आपण बँकेला आधीच कळवायचं. म्हणजे मी मोबाईल काढला, अॅपमध्ये चेकची सगळी माहिती भरली, ओटीपी टाकला, आणि मग कागदाचा चेक ट्रॉलीवाल्याच्या हातात दिला. यजमान बाजूला बसून म्हणाले, “एवढं केलंस, तर पैसेच पाठवून द्यायचे होते.” त्यांच्याकडे मी बघितलंही नाही. चेकवरची रक्कम कोणी बदलली तर पकडता येते, म्हणून ती पद्धत चांगलीच आहे. पण गंमत ती गंमत.

खरी मजा शेवटच्या पंचवीस हजारांत. मसाल्याचा ड्रॉवर अर्ध्यात अडकायचा आणि सिंकखालचं दार घासायचं. ट्रॉलीवाला म्हणे, “काकू, होईल सेट हळूहळू.” मी चेक लिहिला. नाव, रक्कम, तारीख, सही, वरच्या कोपऱ्यात दोन रेघा आणि ‘अकाउंट पेयी’. आणि त्याच्या देखत फ्रीजवर चुंबकाने लावला. म्हटलं, “ड्रॉवर एका बोटाने आत गेला की हा काढून घ्यायचा.” तो दोनदा चेककडे आणि एकदा माझ्याकडे बघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ड्रॉवरचं चॅनेल घेऊन हजर. फोनमधले पंचवीस हजार दिसत नाहीत हो. आहेत म्हटलं तरी दिसत नाहीत. हे दिसत होते, त्याच्या नावाने लिहिलेले होते, आणि अजून त्याचे नव्हते.

चेकची किंमत मला तिथे कळली. तो पैसे देण्याच्या कामाचा राहिलेला नाही. देऊ केलेले पैसे मध्ये धरून ठेवायला मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही. नातवाच्या मुंजीला कार्यालयवाल्यांनी डिपॉझिट म्हणून चेक घेतला आणि खुर्च्या मोजून दुसऱ्या दिवशी परत दिला. मी तिथेच फाडला. तेच पैसे फोनवरून दिले असते तर परत मिळवायला किती फोन करावे लागले असते, त्याचा तुम्हीच अंदाज करा.

सोसायटीच्या चेकबुकाचं वेगळं सांगायला हवं. मी चोवीस बिऱ्हाडांची खजिनदार आहे. तिथे दोन सह्या लागतात. ऑनलाइनमध्येही एकाने भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं, अशी सोय बँकेने दाखवली होती. पण आमचे चेअरमनकाका चौऱ्याहत्तर वर्षांचे, आणि बँकेत नोंदवलेला त्यांचा मोबाईल नंबर बंगळूरला मुलाकडे. लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे द्यायचे की आधी मुलाच्या मीटिंग संपायची वाट बघायची. चेक असला की वॉचमन तिसऱ्या मजल्यावर जातो, काका चष्मा शोधतात, बिल मागतात, दोन शंका काढतात, सही करतात. त्या दोन शंकांमुळे गेल्या वर्षी पाण्याच्या टाकीच्या सफाईचं बिल दुसऱ्यांदा जाता जाता राहिलं.

मेंटेनन्सचा माझा स्वतःचा चेकही (दोन वर्षांचे दोन) मीच लिहिते आणि सोसायटीच्या खात्यात मीच भरते. अक्षरी रक्कम मराठीत. गेल्या एप्रिलमध्ये काउंटरवर नवीन मुलगा होता. “मॅडम, ये एकोणसाठ मतलब?” म्हटलं, “शेजारी आकड्यात बारा हजार सहाशे एकोणसाठ लिहिलंय की रे.” तो म्हणाला, इंग्रजीत लिहीत जा. मग मी त्याला शांतपणे सांगितलं, चेक इंग्रजी, हिंदी किंवा त्या राज्याच्या भाषेत लिहिता येतो, रिझर्व्ह बँकेचंच तसं सांगणं आहे. आतून अधिकारीबाईंनी मान हलवली आणि चेक घेतला गेला. पोचही घेतली. चेक टाकायचा डबा ठेवलेला असला तरी काउंटरवर चेक देऊन स्लिपवर शिक्का मागण्याचा आपल्याला हक्क आहे, कोणी “डब्यात टाका” म्हणालं तरी.

एक बदल मात्र मानायला हवा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत पुढे जातात. बँका ते येतील तसे पाठवत राहतात आणि समोरच्या बँकेने त्याच संध्याकाळी सातच्या आत हो किंवा नाही सांगायचं. नोव्हेंबरमध्ये एका सभासदाचा चेक सकाळी अकराला भरला, संध्याकाळी चहाच्या वेळी जमा झाल्याचा मेसेज. मी मेसेज दोनदा वाचला.

पण ज्यांचा धंदा ‘आज चेक, उद्या खात्यात पैसे’ या बोलीवर चालतो, त्यांची ती एक रात्रीची सवड गेली. आमच्याच एका सभासदाचा चेक असा परत आला. “वहिनी, उद्या टाकला असता तर?” म्हटलं, तारीख तुम्हीच आजची घातली होती. शिल्लक नाही म्हणून चेक परत आला तर चेकच्या कायद्यातलं कलम १३८ लागतं. परतीची खबर मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला पंधरा दिवस, आणि तरी नाही भरले तर फौजदारी. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटीस पाठवायची वेळ आली नाही. कलमाचा नंबर ऐकून तिसऱ्या दिवशी त्यांनी फोनवरून पैसे पाठवले.

उरले दोन चेक, ते माझ्या जुन्या शाळेच्या वाचनालयाला देणगीचे. दोन हजारांवरची देणगी रोख दिली तर आयकरात सवलत मिळत नाही, हे खरं कारण. खोटं कारण असं, की मुख्याध्यापकांच्या हातात काहीतरी द्यायला बरं वाटतं.

तारे द्यायचेत तर भाजी, रिक्षा, मावशींचा पगार, आहेर यांना पाचापैकी शून्य. कंत्राटदार, डिपॉझिट आणि दोन सह्यांचं काम यांना साडेचार. अर्धा तारा चहाच्या डागासाठी कापला.

नवीन चेकबुक मागवताना अॅपने विचारलं, पंचवीस पानांचं की दहा? दहाचं मागवलं. परवा पोस्टाने आलं, सही करून घेतलं. पाडव्याच्या आधी घराला रंग काढायचाय. फ्रीजवरचं चुंबक पुसून ठेवलंय.