ट्यून केलेली अबार्थ पुंटो देऊन घेतलेली ऑक्टाव्हिया आरएस २४५

फियाटची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये बाजारात आली तेव्हा दहा लाखांच्या आत, शोरूमच्या किमतीत, १४५ अश्वशक्ती देणारी दुसरी हॅचबॅक भारतात नव्हती. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणाऱ्या या गाडीचे १.४ लिटरचे टी-जेट (टर्बो पेट्रोल) इंजिन मुळातच दमदार. त्यावर रीमॅप, मोकळा एक्झॉस्ट, मोठा एअर फिल्टर आणि उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगा असा सगळा साज चढवल्यावर ती जी काही झाली होती, तिला कुटुंबाची गाडी म्हणणे धाडसाचे होते. ती विकून मी स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २४५ सेकंडहँड घेतली. पुण्यात रोज, आणि सुट्टीत कोकणात, अशी दोन्हीकडे ती वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

रीमॅप म्हणजे टर्बोचा दाब, इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ यांसाठी कंपनीने इंजिनाच्या संगणकात राखलेली सावध मर्यादा पुढे सरकवणे. त्यातून मिळणारा जोर खराच असतो, पण त्याचा भार आधी क्लचवर येतो; चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली की इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर चढायचा आणि गाडी मात्र जागच्या वेगातच राहायची, तेव्हा क्लच घसरू लागला आहे हे कळले. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधने आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती पुन्हा अधोरेखित केली. अपघात झालाच, तर विम्याचा सर्व्हेअर त्या एक्झॉस्टकडे कोणत्या नजरेने पाहील, हा विचार गाडी चालवताना मनात असायचाच. विकताना तर या साजाचा एक रुपयाही जास्त आला नाही. उलट मूळ सायलेन्सर आणि मूळ स्प्रिंगा परत बसवल्यावरच गिऱ्हाईक उभे राहिले.

आरएस २४५ ही २०२० मध्ये आयात होऊन आली. फक्त २०० गाड्या आल्या आणि शोरूमची किंमत ३५.९९ लाख होती. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन २४५ पीएस (अश्वशक्तीचेच एक माप) आणि ३७० न्यूटन-मीटर टॉर्क देते, सोबत सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि शून्य ते शंभर ६.६ सेकंदांत जाते असे कंपनी सांगते. अबार्थचा कंपनीने सांगितलेला आकडा ८.८ सेकंद होता. रीमॅपनंतर तो थोडा खाली आला असेल, तरी दोन्ही गाड्या चालवून पाहिल्यावर मुकाबला नाहीच, हे मान्य करावे लागते. गंमत अशी की अनुभव नेमका उलटा येतो. पुंटोत ८० च्या वेगाला आपण काहीतरी भयंकर करतो आहोत असे वाटायचे. ऑक्टाव्हियात द्रुतगती मार्गावर शंभरची मर्यादा कधी ओलांडली गेली हे काटा पाहिल्याशिवाय समजत नाही. वेगमर्यादेचा बझर हा या गाडीतला मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग आहे, आणि हे मी थट्टेने म्हणत नाही.

खरा फरक ताम्हिणी घाटात कळतो. दुसऱ्या गिअरच्या ओल्या वळणातून बाहेर पडताना लवकर रेस दिली, तर पुंटोचे आतले चाक जागेवर फिरायचे आणि स्टिअरिंग हातातून ओढले जायचे. आरएस २४५ मध्ये पुढच्या अॅक्सलवर इलेक्ट्रॉनिक लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल आहे. ते जोर बाहेरच्या चाकाकडे वळवते, त्यामुळे गाडीचे नाक रस्त्याबाहेर जाण्याऐवजी वळणाच्या आत येते. पहिल्यांदा ते जाणवले तेव्हा रस्ता कोरडा आहे की काय, अशी शंका आली. मात्र पुंटोचे हायड्रॉलिक स्टिअरिंग रस्त्यावरची खडी न् खडी तळहाताला सांगायचे, आणि ऑक्टाव्हियाचे इलेक्ट्रिक स्टिअरिंग अचूक असूनही अबोल आहे. ही उणीव कोणत्याही ड्रायव्हिंग मोडने भरून निघत नाही. स्पोर्ट मोडमध्ये काचेखालच्या यंत्रातून जो घरघराट आत सोडला जातो, तो तर मी कायमचा बंद ठेवला आहे.

घरच्यांचे मत वेगळे आहे, आणि गाडी त्यांच्यासाठीच बदलली असल्याने ते महत्त्वाचे. मागे पाय पसरून बसता येते, लेकीची सीट आयसोफिक्सला (लहान मुलांची सीट अडकवायच्या कड्यांना) खटकन लागते. डिकीचे झाकण काचेसकट वर उघडते आणि ५९० लिटरच्या त्या जागेत गणपतीला गावी जाताना सगळ्यांच्या बॅगा, सतरंज्या आणि तांदळाची गोणी एकावर एक न रचता मावते. पुंटोत मागे बसून आईची पाठ धरायची. इथे ती चिपळूणपर्यंत झोपते. पण गाडी साध्या ऑक्टाव्हियापेक्षा १५ मिलिमीटर खाली असल्याने आईला उतरताना हात द्यावा लागतो. पुढच्या स्पोर्ट्स सीटची पाठ डोक्याच्या टेकणीसकट एकसंध आणि उंच असल्यामुळे मागे बसलेल्या लेकीला समोरचे काहीच दिसत नाही, ही तिची रोजची तक्रार.

पुण्यातल्या गतिरोधकांवर ही गाडी तिरकी घ्यावी लागते. १८ इंची चाकांवरचे २२५/४० मापाचे टायर दिसायला देखणे असले, तरी पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा लागला तर टायरला फुगा येण्याची भीती राहते. शहरात पेट्रोल भरपूर पिते, त्यात ९५ ऑक्टेनचे भरायचे म्हणजे खिशाला चाट ठरलेलीच.

२०२५ मध्ये नवी ऑक्टाव्हिया आरएस २६५ पीएससह ४९.९९ लाखांना आली, तीही फक्त शंभर गाड्यांपुरती. त्यामुळे जुनी आरएस २४५ शोधणारे अजून आहेत आणि विकणारे भाव सोडत नाहीत. घ्यायची झाल्यास डीएसजीचे तेल वेळेवर बदलल्याची नोंद आहे का, वॉटर पंपाच्या भागात कूलंटची गळती आहे का आणि चारही टायर एकाच वयाचे आहेत का, हे पाहावे. आणि आधीच्या मालकाने रीमॅप करून पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकले आहे का, हे जाणकाराकडून निदान-यंत्र लावून तपासून घेतल्याशिवाय टोकन देऊ नये.