नवख्यांची नाच-संध्याकाळ: काँट्रा, बार्न डान्स की दोन्हींची सरमिसळ?

हॉल मिळाला, तारीख ठरली की कॉलरला, म्हणजे माइकवरून नाच शिकवून पुढची आकृती हाकेने सांगणाऱ्याला, फोन जातो. कॉलर मुरलेला असेल तर मानधनाचं बोलण्याआधी एकच गोष्ट विचारतो: येणाऱ्यांपैकी किती जण याआधी नाचलेत? बॉस्टनच्या आसपासचं एखादं मराठी मंडळ, शाळेतले पालक किंवा ऑफिसातले चार उत्साही लोक असा कार्यक्रम ठरवतात, तेव्हा उत्तर बहुधा ‘कुणीच नाही’ किंवा ‘असतील दोघं-तिघं’ असं असतं. मग पत्रकावर ‘काँट्रा डान्स’ छापावं का? निम्म्याहून जास्त मंडळी नवखी असतील तर छापू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांनी काँट्रा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन लांब रांगा समोरासमोर, जोडीदार पलीकडच्या रांगेत. वाद्यवृंदाच्या बाजूने सुरुवात करून दोन-दोन जोड्यांचे चौकडे पाडायचे. चौकडीने ठरलेल्या आकृत्या करायच्या आणि फेरी संपली की एक जोडी खाली सरकते, दुसरी वर. पुढच्या फेरीला शेजारी नवे. धून ३२ बारची (एका बारला दोन पावलं), तिचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा; म्हणजे फेरीला ६४ पावलं. मिनिटाला ११५ च्या आसपास ठोके धरले तर एक फेरी जेमतेम ३३ सेकंदांची. दहा मिनिटांच्या एका नाचात तेच ते सतरा-अठरा वेळा होतं, दर वेळी नव्या माणसांबरोबर.

गंमत आणि गोची दोन्ही इथेच आहे. मुरलेल्या रांगेत एखादा नवखा चुकला तर समोरून येणारा शेजारी हात पुढे करून त्याला जागेवर आणतो. अर्ध्या मिनिटाने दुसरा शेजारी तेच करतो. चार-पाच फेऱ्यांत नाच अंगात बसतो, आणि शिकवलं कुणी हे कळतही नाही. पण रांगेत सगळेच नवखे असतील तर हात पुढे करणार कोण? एक चौकडी अडखळली की पुढच्या फेरीला तिच्या दोन्ही बाजूंच्या चौकड्यांना शेजारीच सापडत नाहीत, आणि तिसऱ्या फेरीला अर्धी रांग कॉलरच्या तोंडाकडे बघत उभी राहते. त्यात टोकांचा घोळ. टोकाला पोचलेल्या जोडीला एक फेरी थांबायचं असतं आणि थांबता थांबता आपसांत जागा बदलून परत आत शिरायचं असतं. हे माइकवरून कितीही नीट समजावलं तरी पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात शिरत नाही. नवखे मित्र-मैत्रिणींसह रांगेच्या तळाशी, माइकपासून सगळ्यात लांब जाऊन उभे राहतात, ते वेगळंच.

बार्न डान्समध्ये हा सगळा प्रकार नसतो. इथे बार्न डान्स म्हणजे सोप्या नाचांचा संमिश्र कार्यक्रम: मोठं वर्तुळ करून जोडीदार बदलत जाणारे नाच, पाच-सहा जोड्यांच्या छोट्या रांगा, मधे एखादी पोल्का, म्हणजे उड्या घेत करायचा जोडीचा नाच. वर्तुळात प्रत्येकाला सगळे दिसतात, त्यामुळे उशिरा आलेला माणूसही शेजारच्याचं बघून मिसळून जातो. व्हर्जिनिया रीलमध्ये वरची जोडी रांगेतून आडव्या पावलांनी झपझप खाली जाते, परत येते, एकेकाला हात देत सगळ्यांना फिरवते, मग बाहेरून वळून तळाशी कमान धरते आणि बाकीचे कमानीखालून जातात. तोवर उरलेल्या जोड्या उभ्या राहून टाळ्या वाजवतात. अनुभवी नाचणाऱ्यांना हे उभं राहणं कंटाळवाणं वाटतं. नवख्यांना मात्र तीच तर शिकवणी: आपली पाळी येईपर्यंत पाच वेळा डोळ्यांसमोर घडतं. फक्त रांगेत सहाच्या वर जोड्या घेऊ नका, नाही तर पाळी येता येता उत्साह आटतो.

कॉलरच्या कामातही जमीन-अस्मानाचा फरक आहे. काँट्रात आधी संगीताशिवाय सगळी आकृती चालून दाखवायची, याला वॉक-थ्रू म्हणतात. मग संगीत सुरू झालं की प्रत्येक हाक आकृतीच्या आधी संपली पाहिजे. समजा, चौकडी हात धरून डावीकडे फिरते आहे, आठ पावलं. पाच-सहा-सात-आठ या पावलांवर कॉलर म्हणतो, ‘नेबर, बॅलन्स अँड स्विंग’, आणि नवव्या पावलाला सगळे बॅलन्स, म्हणजे हात धरून पुढे-मागे डोलणं, करत असतात. हाक एका ठोक्याने उशिरा आली तरी हॉलभर धडका. तीन-चार फेऱ्यांनंतर तो शब्द कमी करतो, ‘बॅलन्स’ एवढंच म्हणतो, आणि पुढे गप्प बसतो, कारण नाच आता लोकांचा झालेला असतो. नवख्यांच्या हॉलमध्ये हे गप्प बसणं शक्य तितकं लांबणीवर टाकावं लागतं. वॉक-थ्रू चार-पाच मिनिटांच्या पुढे गेला की मुलं पळतात आणि मोठे फोन काढतात. बार्न डान्सच्या नाचांना मिनिट-दीड मिनिटाची ओळख पुरते. तिथे कॉलरला ठोक्यांपेक्षा माणसं सांभाळता यावी लागतात. म्हणून कॉलर निवडताना ‘काँट्राचा नावाजलेला’ एवढ्यावर जाऊ नका; पूर्ण नवख्यांच्या संध्याकाळी किती केल्या आहेत, ते विचारा. दोन्ही जमणारे कॉलर असतात, पण कमी.

स्विंगबद्दल थोडं सविस्तर, कारण मंडळातल्या लोकांना प्रश्न इथेच पडतो. काँट्रातला स्विंग म्हणजे जोडीदाराला बॉलरूमसारखं धरून, उजवा पाय जवळजवळ एका जागी ठेवत डाव्याने ढकलत गरागरा फिरणं. एकमेकांचं वजन तोलून धरलं तरच तो फिरतो, थेट फुगडीसारखा. ज्या मावशींनी मंगळागौरीला फुगड्या घातल्यात त्यांना हे तोलणं सांगावं लागत नाही. तरुण इंजिनिअर मात्र हात ढिले सोडून नुसते चालतात. चक्कर येऊ नये म्हणून जोडीदाराकडे बघायचं असतं, आणि अनोळखी माणसाकडे असं टक लावून बघणं अनेकांना नको वाटतं. अशा वेळी त्याच्या कानाकडे किंवा खांद्याकडे बघितलं तरी भागतं. बार्न डान्समध्ये हा पेच सोडवायला सोपा: स्विंगऐवजी दोन्ही हात धरून फिरा किंवा कोपरात कोपर अडकवा. कुठलाही कार्यक्रम ठेवा, पण सुरुवातीलाच माइकवरून सांगा की नाचाला नाही म्हणता येतं, आणि जवळ न येता नुसते हात धरूनही चालतं. एवढ्या एका वाक्याने भिंतीला टेकून बसलेल्या निम्म्या बायका उठतात.

भूमिकांच्या नावांचं काय? पूर्वी सगळीकडे ‘जेंट्स-लेडीज’ होतं. आता अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘लार्क’ आणि ‘रॉबिन’ म्हणतात, स्विंग संपल्यावर लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे. कुणीही कुठलीही भूमिका घ्यावी. नेहमीच्या काँट्रा मंडळीत हे छान चालतं. एका संध्याकाळीपुरते आलेल्यांना मात्र आणखी दोन पक्षी पाठ करायला लावण्यात अर्थ नाही. आजी-नात, सासू-सून, दोन मित्र अशा जोड्या असणारच. त्यापेक्षा ज्यात भूमिकांचा फरकच पडत नाही असे नाच निवडावेत. वर्तुळाचे आणि छोट्या रांगांचे असे पुष्कळ आहेत, काँट्रात थोडे.

संगीताला जिवंत वाद्यं मिळाली तर दुसरा विचार करू नका. फिडल (व्हायोलिन) आणि पियानो एवढे दोघं पुरतात. गोंधळ झाला तर ते वेग उतरवतात, कॉलरने बोट दाखवलं की आणखी एक फेरी वाजवून थांबतात, आणि सुरुवातीला चार ठोक्यांचा जो ताल धरून देतात, त्याने सगळ्यांचं पाऊल एकदम पडतं. रेकॉर्डिंग स्वस्त, पण ते कुणासाठी थांबत नाही. मंडळात हमखास निघणारा प्रश्न: हिंदी गाण्यांवर नाही का करता येणार? काँट्रा जमणार नाही. मुखडा, मधलं संगीत, अंतरा यांची लांबी ३२ बारच्या चौकटीत क्वचितच बसते, आणि एकदा चौकट निसटली की आकृती आणि धून यांची फारकत होते. वर्तुळातला साधा नाच मात्र खुशाल करा. तिथे चौकट चुकली तरी कुणाचं बिघडत नाही.

लाकडी जमीन हवी, हे दोन्हींना लागू. शाळेच्या कॅफेटेरियातल्या काँक्रीटवर तीन तासांचा काँट्रा म्हणजे दुसऱ्या दिवशी नडग्या बोलणार. दीड-दोन तासांचा बार्न डान्स एक वेळ निभावतो. आणि कृपा करून जेवण नंतर ठेवा. पोटभर पुरी-श्रीखंडावर कुणाला स्विंग करायला लावू नये.

तिसरा पर्याय सरमिसळीचा. पाव ते निम्मे लोक नवखे असतील तर मी डोळे झाकून हाच घेईन. काही काँट्रावाले नाक मुरडतात, पण इतिहास त्यांच्या बाजूने नाही. न्यू हॅम्पशायरच्या कीनचे नामवंत कॉलर राल्फ पेज (१९०३–१९८५) यांच्या काळी एका रात्रीत स्क्वेअर (चार जोड्यांचा चौकोनातला नाच), काँट्रा, वॉल्ट्झ असं सगळंच असे. संध्याकाळभर फक्त काँट्रा ही पद्धत नंतरची; १९७० च्या दशकात तरुण मंडळी या नाचाकडे वळल्यानंतर ती रुळली.

या सरमिसळीतला खरा पूल म्हणजे सिसिलियन सर्कल. जोडीसमोर जोडी, आणि अशा चौकड्यांचं मिळून एक मोठं वर्तुळ, चाकाच्या आऱ्यांसारखं. आकृती झाली की दोन्ही जोड्या एकमेकींतून पार होऊन पुढच्या जोडीला भेटतात. म्हणजे काँट्रातली पुढे सरकण्याची युक्ती पुरेपूर आहे, पण वर्तुळाला टोकच नसल्याने टोकांचा घोळ नाही. हे दोन वेळा जमलं की वर्तुळ मोडून रांगा करा आणि एकच सोपा काँट्रा घ्या. आधी एक वर्तुळनाच, मग छोटी रांग, मग सिसिलियन, पाणी-सरबताची सुट्टी, पुन्हा वर्तुळ, मग काँट्रा आणि शेवटी वॉल्ट्झ. सुट्टीनंतर लगेच काँट्रा लावू नका, निम्मे लोक अजून समोशांपाशी असतात.

मुलं असतील तर निर्णय आपोआप होतो. सहा-सात वर्षांची मुलं बार्न डान्समध्ये रमतात. काँट्राच्या रांगेत दहाच्या खालचं मूल बहुधा स्वतःही हिरमुसतं आणि चौकडीलाही अडकवतं.

नवखे चौथाई किंवा त्याहून कमी असतील, तरच निखळ काँट्रा ठेवा: आधी अर्धा तास शिकवणी, मग तीन तास नाच. नवख्या जोड्या फोडून प्रत्येकाला एक मुरलेला जोडीदार द्या. नवरा-बायको असतील तरीही. थोडी कुरकुर होईल, होऊ द्या.

आणि इतके मुरलेले लोक तुमच्याकडे नसतील, पण काँट्राच करायची हौस असेल, तर कार्यक्रम ठेवूच नका. सात-आठ जण मिळून चालू असलेल्या नाचाला जा. मॅसॅच्युसेट्समध्ये काँकॉर्डचं स्काउट हाउस आहे, ग्रीनफिल्डचं गायडिंग स्टार ग्रेंज आहे; न्यू हॅम्पशायरमध्ये नेल्सनचा टाउन हॉल; वॉशिंग्टन डी.सी.कडे असाल तर ग्लेन एकोची स्पॅनिश बॉलरूम. तारीख-वेळ आधी बघून घ्या आणि शिकवणीला वेळेवर पोचा. मऊ तळव्याचे, बाहेर न घातलेले बूट, पाण्याची बाटली आणि बदलायला एक कोरडा शर्ट सोबत असू द्या. आत गेल्यावर पहिले तीन नाच आपसांत नाचायचं नाही, एवढं गाडीतच ठरवून घ्या.